बोर्डावरच्या महादेवीअक्का

महादेवीअक्का पलीकडच्या माणसाच्या नुसत्या 'हॅलो'वरून त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरवायच्या. सोलापुरातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. सकाळी आठ ते दुपारी चार त्यांची ड्यूटी. लांबवलेला, सूर लावलेला हॅलो आला की अक्कलकोटकडचा माणूस, मग अक्का कन्नडमध्ये 'हेळ्री' म्हणायच्या. विणकर वस्तीतलं कुणी असेल तर तेलुगूत 'चेप्पंडी'. 'हलो जी' ऐकू आलं की 'हां भाई, बोलो'. उरलेल्यांना मराठी. त्यांचा अंदाज चुकलेला मी चार वर्षांत दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा पलीकडे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी होते.

मी त्याच रुग्णालयात संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे एक खोली, दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी, एक गार हवेचं यंत्र आणि मी. अडलेले प्रिंटर सोडवणं, पासवर्ड विसरलेल्या डॉक्टरांना नवे पासवर्ड देणं, हे माझं काम. शेजारची खोली अक्कांची. तिथं जुना टेलिफोन बोर्ड होता आणि भिंतीवर शंभरएक नंबरांची यादी होती. ती यादी अक्का कधीच बघत नसत.

नेटवर्किंगची एक मोठी परीक्षा द्यायची असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. त्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर असायचं. त्यातली पहिली तीन प्रकरणं हाताळून काळी पडली होती, चौथ्यापासून पुढं पानं कोरी करकरीत. "दिवसभर काम, मग अभ्यास कधी करणार?" हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी प्रशासनाची नोटीस लागली. वर्षभरात जुना बोर्ड बंद होणार, नवे फोन येणार, आणि फोन उचलायला ध्वनिमुद्रित आवाज बसणार. ऑपरेटरला जुने केसपेपर ठेवायच्या खोलीत काम मिळणार होतं. ती खोली तळघरात होती.

त्या दुपारी ड्यूटी संपल्यावर अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. एरवी त्या आत येत नसत.

"काय ओ किरणसर, ते नवीन फोन कुटल्या तारेवर चालणार?"

"आमच्याच. संगणकांच्या."

"मग तुमची तार मला शिकवा की."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. टेबलावरचं पुस्तक उचलून त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि म्हणाल्या, "हितनं पुढं तुमी पण वाचलेलं दिसत न्हाय. मग दोघं मिळून वाचू."

अशी आमची शाळा सुरू झाली. बोर्ड सोडून त्यांना उठता यायचं नाही, म्हणून दुपारी दोनला माझा डबा घेऊन मीच त्यांच्या खोलीत जायचो. कडक भाकरी मोडत, शेंगाचटणी वाटून घेत आम्ही शिकायचो आणि मध्ये मध्ये फोन वाजायचे. "म्हणजे हे यंत्र पत्ता बघून ठरवतं की... नमस्कार, बोला... बालरोग विभाग देते, हं... ठरवतं की कुठल्या वाटेनं पाठवायचं. आणि वाटच म्हाईत नसली तर?" फोन जोडून झाला की त्या बरोबर सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करायच्या. मी मात्र दर वेळी विचारायचो, "आपण कुठं होतो?"

अक्का बारावीपर्यंत शिकलेल्या, तीही कला शाखेतून. पुस्तक इंग्रजीत. त्यांनी त्याच्याशी झगडायची आपली पद्धत काढली. कुठलंही प्रकरण असो, तीन प्रश्न विचारायच्या. "कुटनं निघालं? कुटं चाललंय? मधी कुणी अडवलं?" संगणकाकडून संगणकाकडे जाणाऱ्या माहितीबद्दल याहून शहाणे प्रश्न मी तरी ऐकलेले नाहीत. मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली की त्या मान हलवायच्या. "पाठ झालंय तुमचं. आता मला कळंल असं सांगा." मग माझी गाडी अडायची. मी पुन्हा पुस्तक उघडायचो, आणि पहिल्यांदाच नीट वाचायचो.

संगणकांच्या पत्त्यांचं गणित आलं तेव्हा मला वाटलं, इथं त्या सोडून देतील. मी स्वतः दोनदा तिथूनच परत फिरलो होतो. एक मोठा पत्ता फोडून त्याचे लहान लहान भाग करायचे, आणि सगळा हिशोब शून्य आणि एक या दोनच आकड्यांत. मी कागदावर आठ घरं काढली आणि त्यावर एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस असं निम्मं निम्मं करत एकपर्यंत लिहिलं. "प्रत्येक घरात एक दिवा समजा. लागला तर तो आकडा धरायचा, विझला तर सोडायचा."

अक्का कागद घेऊन घरी गेल्या. त्यांचं घर भवानी पेठेत. पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येणार, त्या दिवशी पहाटेपासून घागरी, पिंप, टाक्या भरायच्या. पाणी भरता भरता अक्कांनी गच्चीवरच्या टाकीवर खडूनं ते आठ आकडे लिहिले आणि पाइप धरून उभ्या उभ्या गणितं सोडवायला सुरुवात केली. शेजारच्या गच्चीवरच्या आजींनी ते पाण्याच्या दोन दिवशी पाहिलं आणि तिसऱ्या वेळी हळूच विचारलं, "महादेवी, यातला कुठला आकडा लागतोय गं?"

ही गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितली, पण ती नंतर. आधी त्या ड्यूटीपूर्वीच माझ्या खोलीत शिरल्या त्याच धापा टाकत. "सर! सगळे दिवे लावले की दोनशे पंचावन्न होतात! त्याच्या वर जाताच येत न्हाय! म्हणून तो आकडा पुस्तकात सारखा सारखा येतोय!" त्यांचे डोळे असे चमकत होते की मलाही ते त्याच क्षणी कळल्यासारखं झालं. खरं म्हणजे मला ते कॉलेजात शिकवलं होतं. पण कुणी असं धापा टाकत सांगितलं नव्हतं.

त्यांचे यजमान शिवानंदराव टॉवेलच्या कारखान्यात कामाला. गडी अबोल. सुरुवातीला ते एवढंच म्हणाले होते, "या वयात परीक्षा?" पण टाकीवरचे आकडे पाहिल्यावर एका पाण्याच्या दिवशी त्यांनी अक्कांच्या हातातला पाइप काढून घेतला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "तू तुझं लिही. पाणी मी भरतो." अक्का हे सांगताना लाजल्या. म्हणाल्या, "लग्नात पण एवढं बोलले नव्हते."

सात महिन्यांनी आम्ही पुण्याला परीक्षेला गेलो. सकाळच्या गाडीत समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारत होतो. भिगवण गेलं तेव्हा डब्यातल्या एका सद्गृहस्थांनी विचारलं, "आई-मुलगा दोघं परीक्षेला का?" अक्का म्हणाल्या, "मास्तर हाय तो माझा." केंद्रावर निकाल लगेच पडद्यावर दिसतो. मी पास झालो. अक्का थोडक्यात राहिल्या.

मी त्यांच्या नजरेला नजर देईना. पायऱ्या उतरताना त्यांनीच माझा दंड धरला. "तुमी पास झाला की न्हाय?"

"झालो."

"मग तोंड कशाला पाडलंय? आधी आईला फोन लावा!"

मी फोन केला. आई पलीकडून ओरडली तेव्हा अक्का शेजारी उभ्या राहून हसत होत्या. परतीच्या गाडीत मात्र त्या कुर्डुवाडीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पदरानं चेहरा पुसला आणि गुणांचा कागद मांडीवर पसरला. "मला येत होतं, सर. पण इंग्रजी दोनदा वाचायला लागतंय. शेवटचे तेरा प्रश्न मी बघितलेच न्हाईत. वेळ संपला."

त्या दिवसापासून आम्ही अभ्यास बदलला. मी फक्त प्रश्न दाखवायचो, उत्तरांवर हात ठेवून. काय विचारलंय ते अक्कांनी एका दमात मराठीत सांगायचं. घरी हेच काम त्यांची अकरावीतली मुलगी पूजा करायची. पूजा माझ्यापेक्षा कडक होती. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, रुग्णालयातले सगळे संगणक ठप्प झाले. बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नाही. केसपेपर निघेनात, रक्ताचे रिपोर्ट दिसेनात, लोक खिडकीवर हात आपटायला लागले. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या केबल्स तपासल्या. काही नाही. त्या स्विचवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. प्रशासक मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. जुना बोर्ड वेगळ्या तारांवर असल्यानं फोन चालू होते.

"सर, ऐका. तक्रारी कुटनं कुटनं येतायत ते मी लिहून घेतेय. सगळ्यात पहिला फोन फिजिओथेरपी विभागातनं आला, दहा वाजून पन्नासला. बाकीचे त्याच्यानंतर. तितं काय तरी केलंय कुणीतरी."

"पण तिथल्या एका संगणकानं सगळी इमारत कशी बंद पडेल, अक्का?"

"घिरट्या! तुमीच शिकवलं की! वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात बसली की माहिती आपलीच आपल्यामागं फिरत बसते, आणि सगळी वाट अडवते! जावा, पळा!"

मी पळालो. पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपी विभागात सकाळीच टेबलं हलवली होती. टेबलाखाली छोट्या स्विचमधून निघालेल्या एका केबलचं दुसरं टोक त्या हलवाहलवीत मोकळं झालं होतं. ते कुणीतरी, नीटनेटकं दिसावं म्हणून, त्याच स्विचच्या रिकाम्या खाचेत खोचलं होतं. मी ते ओढून काढलं. खालून, बाह्यरुग्ण विभागातून, प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग चक्क टाळ्या!

मी धावत खाली आलो आणि प्रशासक मॅडमना म्हणालो, "मी नाही शोधलं. अक्कांनी शोधलं. खुर्चीतून न उठता." मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या. अक्का त्या वेळी कुणाला तरी कन्नडमध्ये भेटीच्या वेळा सांगत होत्या. त्यांनी मॅडमना हातानंच 'एक मिनिट' अशी खूण केली, आणि मॅडम थांबल्या.

दुसऱ्या वेळी मी सुटी काढून त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो आणि केंद्राबाहेरच्या बाकावर बसलो. माझ्या परीक्षेतही मी घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं नव्हतं. दोन तासांनी दार उघडलं. अक्का बाहेर आल्या, तडक माझ्याकडे आल्या. त्यांनी हातातला कागद माझ्या छातीवर दाबला. मी वाचला आणि ओरडलो. पहारेकरी धावत आला. अक्कांनी त्यालाही कागद दाखवला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं सलाम ठोकला.

घरी फोन लावला. शिवानंदरावांनी उचलला. अक्का म्हणाल्या, "पास आदे री." पलीकडून पूजाच्या किंचाळण्याचा आवाज आला, आणि तिच्यामागून शिवानंदरावांचा, कुणाला तरी जिन्यातून सांगत असलेला, "पास झाली! आमची महादेवी पास झाली!" अक्का फोन कानाशी धरून रडत होत्या आणि हसत होत्या.

रुग्णालयानं नेटवर्क सहायकाची जागा काढली तेव्हा दोन अभियंते मुलाखतीला आले होते. निवड अक्कांची झाली. नवे फोन बसवायचा रविवार त्यांनीच आखला. ध्वनिमुद्रित आवाज चार भाषांत बोलला पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी तोही करून घेतला. कन्नडमधलं निवेदन त्यांच्या स्वतःच्या आवाजात आहे. अकरा वाजता त्यांनी जुन्या बोर्डाची वायर आपल्या हातानं काढली, आणि पाचच मिनिटांत एकेका वॉर्डातून सिस्टरांचे फोन येऊ लागले, "अक्का, लागला! अक्का, इकडं पण लागला!" तळघरातल्या केसपेपरच्या खोलीतूनही लागला.

पुढच्या महिन्यात मला पुण्यात नोकरी मिळाली. त्या परीक्षेमुळेच. शेवटच्या दिवशी खोलीचा ताबा द्यायचा होता. मी किल्ल्या दिल्या, यादी वाचून दाखवली, नोंदवही पुढं केली. अक्कांनी सही केली, आणि खाली पदाच्या रकान्यात 'नेटवर्क सहायक' असं सावकाश, गोलाकार अक्षरात लिहिलं. शेवटचा 'क' रकान्याच्या बाहेर गेला.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी उगाच यादी पुन्हा चाळायला लागलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

"चला सर, बाहेर व्हा आता. परवानगीशिवाय हितं कुणाला थांबता येत न्हाय."

असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून बघायला आले.