डोंगरावरची बॅटरी

गोवा राज्य झालं त्याच वर्षी पार्सेच्या कृष्णनाथ मास्तरांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला. हातातल्या सेटचा आवाज डोंगर आडवा आला की तिथेच मरायचा. म्हणून त्यांनी नि बालमित्र रघुनाथने गावच्या डोंगरमाथ्यावर रिपीटर बसवला. तो खालचा क्षीण आवाज पकडून दूरवर फेकायचा. वीज गेली तर बॅटरीवर चाले. ती जड बॅटरी दोघांनी आळीपाळीने डोक्यावरून वर नेली. रघुनाथचं घर डोंगराच्या पायथ्याशी, म्हणून वरच्या खोलीची चावी त्याच्याकडे.

दर रविवारी सकाळी नऊला रेडिओवरच हजेरी व्हायची. मास्तर आसपासच्या हौशी रेडिओवाल्यांची नावं पुकारायचे. रघुनाथ सांगायचा, "बॅटरेक पाणी घातलां, बरी आसा." मास्तर वहीत 'ठीक' लिहायचे. वीज गेली की मात्र, संकट नसेल तर, सगळ्यांनी सेट बंद ठेवायचे, डोंगरावरची बॅटरी उगाच झिजू नये म्हणून. हा नियम मास्तरांचाच. त्यामुळे ती बॅटरी खरंच चालते का, हे कधी कुणाला कळलंच नाही. पण मित्राच्या शब्दावर पहारा कोण ठेवतो?

पुढे एका आषाढात नदी चढली, तेव्हा मास्तर हळर्णला बहिणीकडे, ताराकडे, धावले. पाणी घरात शिरलं, दोघं माळ्यावर चढली. फोन मेले होते, वीज सकाळीच गेली होती. मास्तर तरीही निर्धास्त होते, सेट जवळ होता. पेडण्याच्या सरकारी कचेरीत हजेरीतलाच गोकुळदास सेट घेऊन बसला होता, बोट तयार होती.

पाण्याला भिऊन नागही माळ्यावर आला होता. दुपारी तो ताराला डसला.

मास्तरांनी सेट उचलला. "गोकुळदास, हळर्णला बोट धाड, ताराक पान लागलां." उत्तर नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली, घसा बसेपर्यंत देत राहिले. तारा विचारत होती, "कोण बोलता रे?" मास्तर म्हणाले, "येतत, येतत." बोट आपल्या फेरीत तीन तासांनी आली. तोवर तारा गेली होती.

बारावं उरकून मास्तर डोंगर चढले. कुलूप गंजून गेलेलं, चावी रघुनाथकडे, म्हणून ते दगडाने फोडावं लागलं. आत बॅटरी कोरडी ठणठणीत होती. मास्तर तडक रघुनाथच्या दारात उभे राहिले.

"दोन वर्सां हांव वर चढूंक ना," रघुनाथ खाली मान घालून म्हणाला. "धोंपरां दुखतात. तू विचारतालो, हांव सांगतालो."

मास्तर त्या फोडलेल्या कुलपाची चावीही मागून घेऊन परतले. इतक्या रविवारी त्याची जीभ एकदाही कशी अडखळली नाही, एवढंच त्यांना वाटेभर जाळत राहिलं.

नवी बॅटरी गोकुळदासने चढवली. रविवारी नऊला मास्तरांनी हजेरी घेतली आणि एक नाव गाळलं.

"कृष्णा, हांव आसां," रघुनाथचा आवाज आला. जरा थांबून पुन्हा, "कृष्णा, आयकता मरे?"

मास्तरांना शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी सेट मांडीवर ठेवला आणि ताराने ऐकली होती तेवढीच शांतता त्याला ऐकवली.