केळीच्या धाग्याचं शीड

विमला सामंत विलेपार्ल्यात आमच्या शेजारी राहत. १९५६ साली महिला मंडळाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी परसातल्या केळीच्या धाग्यातून पांढऱ्या शिडाचं गलबत विणायचं ठरवलं. घड उतरवल्यावर तोडलेलं खोड त्यांनी विळीने खरवडलं आणि तिथेच चूक झाली. लोखंड लागून चिकाने धागा काळा पडला.

"आता विण पायपुसणं," सासूबाई म्हणाल्या.

"शीड पांढरंच होणार, आई."

परसातली दुसरी केळ अजून घडाला आली नव्हती. तेवढ्यात गल्लीतल्या श्यामकांत राण्यांकडे सत्यनारायण झाला. दुसऱ्या दिवशी विमलाबाईंनी चौरंगाला बांधलेले केळीचे खांब मागितले.

"अहो वहिनी, ते पाण्यात सोडायचे असतात!"

"मग माझ्या बादलीत सोडा ना, भाऊजी."

राणे हसले आणि खांब स्वतः आणून दिले.

या वेळी विमलाबाईंनी नारळाच्या करवंटीने खरवडून धागे काढले, धुतले, सावलीत वाळवले. प्रदर्शनाच्या सकाळी शिडाचं टोक विणायचं राहिलंच होतं. त्या विणायची चौकट घेऊनच मंडळात गेल्या आणि बायका भोवती जमल्या असताना तिथेच बसून त्यांनी शीड पुरं केलं.