पोथी अर्धी ठेवून उठले

आरतीला सगळे उभे राहिले आणि मी उठले नाही. उठणार कशी? पातळ मागून ओलं झालं होतं, खालचं बस्करही भिजलं होतं. सप्ताहाचा पाचवा दिवस, मारुतीच्या देवळापुढे मांडव, चाळीसेक माणसं पोथी वाचायला बसलेली, आणि त्यांच्यात बावन्न वर्षांची मी, अंगणवाडीतल्या लेकरासारखी. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

झालं उलटंच. माझी चुलत जाऊ मोठ्यानं म्हणाली, "बघा वं माय, कशी तंद्री लागली! आरतीचंबी भान न्हाई." मागून कुणी म्हणालं, "पाच दिस झाले, सकाळपासून पाण्याचा घोट न्हाई घेत. याला म्हन्तेत भक्ती." आणि दोघीतिघी पुढे येऊन चक्क माझ्या पाया पडल्या. ओल्या बस्करावर बसून मी नमस्कार घेतले. त्याहून वाईट वेळ माझ्यावर आली नाही.

पाणी मी देवासाठी सोडलं नव्हतं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून लघवीची कळ आली की न्हाणीपर्यंत धीर निघत नसे. दिवसात पंधरा-सोळा खेपा व्हायच्या. जीपमध्ये बसणं सोडलं. जाफराबादला भाचीच्या लग्नाला गेले नाही, गुडघे धरलेत म्हणून कळवलं. नवऱ्यालाही बोलले नाही. आमच्याकडे बाई कंबर दुखते म्हणून चारचौघींत सांगेल, पण हे सांगणार नाही. सासूबाई गेल्यावर सप्ताहाला बसायचं माझ्याकडे आलं. नियम असा की अध्याय चालू असताना उठायचं नाही, उठलं की वाचन मोडलं. म्हणून मी पहाटे दोन कप चहा प्यायचे आणि मग दुपारपर्यंत पाणी बंद. मांडवात तांब्या फिरायचा, मी हात आडवा करायचे. बायकांनी त्याचं व्रत केलं. मी त्यांना नाही म्हणाले नाही. तो खोटेपणा माझा.

त्या दिवशी बसल्या बसल्या ठरवलं, उद्यापासून यायचं नाही. पोथी चुलत जावेला द्यायची आणि मरेपर्यंत घरात बसायचं. मारुतीला मनात म्हटलंसुद्धा, मला काही मागायचं नाही, एवढा मांडव रिकामा होऊ दे.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. आमच्या गावची नव्हे. बदनापूरला निघालेली तिची जीप फाट्यावर बंद पडली, म्हणून सावलीला येऊन टेकली होती. साठीची असेल. आरती झाली, प्रसाद वाटला, तरी ती उठेना. मी म्हटलं, "जा तुम्ही, प्रसाद घ्या." माझ्याकडे न बघताच ती बोलली.

"पिशवीत धुतलेलं पातळ हाय माझं. लोकं जाऊ द्या. घाई न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी नको म्हन्लात तवाच. मीबी चार वर्षं हेच करून राह्यले व्हते. पाणी तोडलं की लघवी जळजळीत होती अन् लघवीच्या पिशवीला जास्तच झोंबती. आपल्याच हातानं वाढवतो आपण."

"मंग काय केलं?"

"दवाखान्यात जाऊन तोंड उघडलं. देवापुढं लाजत न्हाई, अन् डॉक्टरीणबाईपुढं लाजायचं?"

देवळामागच्या खोलीत तिनं मला पातळ बदलायला लावलं. दाराशी पाठ करून उभी राहिली. तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला आणि ती गेली. नावही विचारलं नाही मी. नंतर पातळ परत करायला पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही.

संध्याकाळी मी विणेकरीबुवांकडे गेले. गावातले सगळ्यात म्हातारे. सरळ म्हटलं, "मला लघवी धरवत नाही. पोथीवरून उठलं तर चालतं का?" गड्यामाणसापुढे हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बुवा हसले नाहीत. म्हणाले, "माय, मलाबी घडीघडी जावं लागतं. ईणा खाली ठेवायचा न्हाई, हा नेम. मंग मी काय करतो? दुसऱ्याच्या गळ्यात देतो अन् जातो. ईणा चालूच ऱ्हातो. तुमच्या वाटच्या ओव्या शेजारणीला द्या, हातपाय धुऊन या. देव काय हजेरी घेऊन राह्यला का?"

सहाव्या दिवशी मी तांब्यातलं पाणी प्याले. अध्याय अर्धा झाला तशी पानात तुळस ठेवून उठले. जाऊ लगेच म्हणाली, "काय वं, मोडलं का व्रत?"

"व्रत नव्हतंच. लघवी धरवत नाही मला, म्हणून पाणी सोडलं होतं. उगाच पाया पडलात."

वाचणाऱ्या बायका थांबल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मी तोंड फिरवून चालायला लागले, तर मागून जाऊ आली, पदर सावरत. "थांबा, मीबी येते," एवढंच म्हणाली. सातव्या दिवशी आम्ही पाचजणी पाळीपाळीनं उठलो. एकीच्या ओव्या दुसरीनं वाचल्या. समाप्तीला एक ओवी राहिली नव्हती.

पुढे सुनेला घेऊन जालन्याला सरकारी दवाखान्यात गेले. लघवी तपासली, साखर तपासली, दोन्ही ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी नको तेव्हा आवळते. चहा एक कपावर आणायला सांगितला, पाणी दिवसभर थोडं थोडं. कळ आली की धावत सुटायचं नाही, बसून खालचं अंग आत ओढून धरायचं, आणि दर आठवड्याला दोन खेपांमधलं अंतर जरा वाढवायचं. एक गोळीही दिली. तीन महिन्यांनी जीपमध्ये बसून भाचीकडे गेले. पुरतं गेलं असं म्हणणार नाही, हिवाळ्यात अजून त्रास देतं.

ती जीप आमच्याच फाट्यावर का बंद पडली, मला ठाऊक नाही. जुनी असेल. मारुतीनं तिला धाडलं असं मी कुणाला पटवून देत बसत नाही. मी रोज दिव्यात तेल घालते तेव्हा त्या बाईलाही हात जोडते. देवावर भार टाकावा हे मी लहानपणापासून ऐकत होते, आणि करत मात्र होते दात आवळून सगळं एकटीनं पेलायचं. भार टाकायचा म्हणजे आधी तो आहे असं बोलावं लागतं. माझ्या तोंडून ते निघायला दोन वर्षं लागली.

हे भोगलेली बाई मी. चौथी शिकलेली, जालना जिल्ह्यातली, आज चौसष्ट वर्षांची.