आयुधपूजेला धुतलेलं मीठ

सहा वर्षं मी रोपांना मीठ पाजलं. घरी कुणी विचारलं, काय करतेस गं त्या प्रयोगशाळेत, की एवढंच सांगायचे. आई म्हणायची, कशाला त्या मुक्या जिवांना छळतेस. शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

माझ्याकडे दोन जातींची रोपं होती. एक अ‍ॅराबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं वीतभर तण. ते भराभर वाढतं आणि त्याची जनुकं शास्त्रज्ञांना तोंडपाठ आहेत, म्हणून जगभर त्याच्यावरच प्रयोग चालतात. दुसरं त्याचंच जंगली भावंड, खारट जमिनीत उगवणारं. दोघांची जनुकं बरीचशी सारखी, पण खारं पाणी घातलं की पहिलं पिवळं पडतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. असं का, हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. हा प्रयोग आधी दोनदा फसला होता, एकदा किडीने, एकदा वातानुकूलन बंद पडून. तिसरी खेप शेवटची, हे माझ्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. महिनाअखेर माझी प्रबंधाची मुदत संपत होती, आणि रोज चामराजपेटच्या घरून दोन बस बदलून पोचेपर्यंत माझा अक्षरशः पिट्टा पडायचा.

रोपांची खोली झाडायला एक अक्का यायच्या. कंत्राटावर होत्या, पन्नाशीच्या. आमच्यासारखंच त्यांच्या घरात मराठी, बाहेर कन्नड. चारचौघांत मला मॅडम म्हणायच्या, एकटी असले की पोरी.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन-पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि मग चार दिवस सुट्टी. आदल्या दिवशी मी कसलासा फॉर्म भरत बसले होते. अक्का दारात आल्या. माझे ट्रे आणि कुंड्यापण धुऊ का, पांढरं पांढरं धरलंय, असं विचारत होत्या. मी मान वर न करता म्हटलं, "सरी, ठीक आहे अक्का, करा." काय विचारलं ते कानात शिरलंच नव्हतं.

सुट्टीभर मी घरी नुसती झोपले. पाचव्या दिवशी पानं कापून गोठवायची म्हणून खोली उघडली. ट्रे लख्ख. प्रत्येकाला कुंकवाचं बोट. कुंडीतल्या मातीवरचा मिठाचा थर गायब, आणि जी रोपं एव्हाना मरणपंथाला लागायला हवी होती त्यांच्या मध्यातून हिरवीगार नवी पानं वर आलेली.

मागोमाग अक्का आल्या. एकेक कुंडी नळाखाली धरून पांढरं जाईपर्यंत पाणी सोडलं, दोन तास लागले, कंबर धरली, सगळं रंगवून सांगितलं. मग म्हणाल्या, "बघ पोरी, तुझी ती मरतुकडी रोपंपण उठली."

खरं सांगते, मला ओरडावंसं वाटलं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण 'करा' म्हणणारी मीच. आणि कंत्राटावरच्या माणसांनी ट्रेला हात लावायचा नाही हा सरांचा नियम. आदल्या वर्षी त्यापायी एकाला काढलंही होतं. "छान केलंत अक्का," म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सरांना सांगितलं, मीच धुतले, चुकून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ते प्रकरण काढून टाक आणि आहे ते जमा कर."

मी काही फार मोठ्या मनाची नाही. पुढचे आठ-दहा दिवस अक्का दिसल्या की डोकं फिरायचं, म्हणून मागच्या जिन्याने ये-जा केली. सहा वर्षांत ज्या जंगली रोपाबद्दल जाईन तिथे बोलले, ते प्रबंधात शोधूनही सापडणार नाही.

प्रबंध जमा केला त्या दिवशी मैसूरपाक वाटला. अक्कांनी पदराला हात पुसून एक वडी घेतली. विचारलं, "तुझ्या कामाला माझीपण स्वल्प मदत झाली, होय की नाही?"

"झाली, अक्का," मी म्हटलं आणि त्यांच्या हातावर आणखी एक वडी ठेवली.