दोन पिशव्या बंगडे

संत तुकाराम नगरात माणसांच्या सोयरिकी जुळवणारे पुष्कळ होते. बंगड्यांच्या सोयरिकी शोधणारे मात्र एकटे आमचे शेजारीच. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी, पक्के शाकाहारी, समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला. आणि डॉक्टरेटसाठी धरलेला प्रश्न असा, की रत्नागिरीचे आणि कारवारचे बंगडे एकाच कुळातले, की आपापल्या पाण्यात संसार करणारी दोन निराळी कुळं? हे सत्तर सालानंतरचं सांगतोय. त्यासाठी ते घरीच बटाट्याची खळ शिजवून तिची वडी थापत, कडेला माशाच्या यकृताचा रस लावत आणि तिच्यातून वीज सोडत. रसातली प्रथिनं कमीजास्त पुढे सरकत, रंग दिला की पट्टे उमटत. हे पट्टे आईबापांकडून आलेले. कुठल्या बंदरात कुठला पट्टा किती माशांत, हे मोजायचं. वहिनींच्या साड्यांना खळ मिळेनाशी झाली ती तेव्हापासून. गुरुवारी कारखान्यांबरोबर आमचीही वीज जाई. एकदा पट्टे निम्म्या वाटेत अडकले, तेव्हा सुतकी चेहऱ्याने ते आमच्या दारात उभे. "थोडा बर्फ आहे का हो?" माझ्या बायकोने श्रीखंडाचा डबा सरकवून उरलेल्या यकृतांनाच फ्रिजमध्ये जागा दिली. ते श्रीखंड पुढे कुणी खाल्लं नाही.

मासे पिंपरीच्या बाजारातले रहीमभाई आणून देत. दर रविवारी दोन पिशव्या, लाल दोऱ्याची रत्नागिरीची, हिरव्या दोऱ्याची कारवारची. चार वर्षांनी उत्तर आलं, दोन्हीकडचे पट्टे तंतोतंत सारखे! "एकच कूळ!" म्हणत त्यांनी प्रबंध टंकायला दिला आणि मला घेऊन रहीमभाईंकडे पेढे द्यायला निघाले.

रहीमभाईंनी पेढा तोंडात टाकला आणि खुशीत येऊन सांगितलं, "साहेब, कारवारची गाडी चुकली की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. बघवायचं नाही. मग मी रत्नागिरीच्याच पेटीतनं दोन्ही पिशव्या भरायचो. कारवारची गाडी आलीच कितीदा म्हणा! चार-पाच वेळा."

ते शेजारच्या रिकाम्या पेटीवर बसले. रहीमभाई घाबरले. "माझं काय चुकलं का, साहेब?"

"छे हो. मीच कधी विचारलं नाही," ते म्हणाले आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

घरी येताना मी शहाणपणा केला. "अहो, देऊन टाका प्रबंध विद्यापीठाला. बंगडे काय साक्ष द्यायला येणार आहेत?"

"त्यांना बोलता येत नाही," ते म्हणाले, "म्हणून तर."

प्रबंध त्यांनी दिला नाही. पुन्हा सुरुवात करायचं म्हणत राहिले, मग मुलींची लग्नं आली, मग निवृत्ती. त्यांच्या नावामागे डॉक्टर कधी लागलं नाही. मी स्वतः यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस होतो. न पाहता सह्या केलेले किती सुटे भाग माझ्या हातून गेले, देव जाणे. तेव्हा मला ते हट्टी वाटले आणि मी हसलोही. आता त्याची लाज वाटते. ते होते तोवर निदान मी तरी त्यांना एकदा डॉक्टर म्हणून हाक मारायला हवी होती.