तीन खाचांचा धोटा

धोट्याच्या भोकाला लाल तिखट चोळण्याइतकी अक्कल मला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात आली. त्याआधी तेवढीही नव्हती.

धोटा म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवा पळणारा लाकडी तुकडा. त्यात सुताची कांडी बसवायची, बारीक भोकाला तोंड लावायचं आणि श्वास ओढून धागा बाहेर काढायचा. सगळे विणकर तसंच करत. नवरा विणकर होता, त्याच गिरणीत मी कांड्या भरायची. त्या दिवशी नवरा माझ्या आमटीला म्हणाला, "ह्यात तिखट हाय का न्हाय?" म्हटलं, थांब, दाखवतेच.

पण त्याच्या मागावर बदलीला उभे होते सासरे, स्वतःचा धोटा घेऊन. मी बाई बघितलंच नाही. सासऱ्यांनी तोंड लावलं आणि अख्खी शिफ्ट पाणी आणायला धावली. तेवढ्यात मी धोटा उचलून फरशीच्या फटीतून खालच्या गटारात सोडला. फारच हुशार!

शेजारच्या मागावरचे चाचा सगळ्यांत आधी हसले होते. सासऱ्यांनी ठरवून टाकलं, तिखट यानंच लावलं, धोटाही यानंच पळवला. दोघं एकच चहा घ्यायचे, एक कपातून, एक बशीतून. दुसऱ्या दिवसापासून वेगळे. सासरे वारले तोवर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आणि मी? रोज त्यांना जेवायला वाढत होते, तोंड शिवून.

आता गिरणीच्या जागी टॉवर येतोय. त्याआधी पुरातत्त्ववाले तिथं खणतायत. वस्तू ओळखायला जुन्या कामगारांना बोलावलं, तशी मी नातीच्या स्कूटरवरून गेले. दोऱ्या ताणून चौकोन आखलेले, मुलं ब्रशनं माती झाडतायत. इतक्या मायेनं आम्ही कधी गिरणी झाडली नव्हती.

तिथल्या प्रमुख मुलीनं ट्रे पुढं केला. "आजी, हा गटाराच्या गाळात मिळाला. चांगला धोटा कोण कशाला टाकेल? काही विधी असेल का?"

कडेला तीन खाचा. सासऱ्यांनी स्वतः कोरलेल्या.

"विधी कसला गं, मूर्खपणा," म्हटलं आणि सगळं सांगितलं. ती हसत हसत लिहून घेत होती. मग थांबली. "चाचांना माहितीये हे?"

चाचा निजामपुऱ्यात राहतात. त्यांची गल्ली टाळून मी इतकी वर्षं बाजाराला लांबून जात आले. धोटा काही ती देईना, म्हणून नातीच्या मोबाइलवर फोटो घेतला आणि तशीच गेले.

चाचा खाटेवर होते. मी उभ्यानंच बोलले, "तिखट मी लावलं, चाचा. धोटाही मीच गटारात टाकला. तुम्हाला चोर ठरवलं आणि मी गप्प बसले."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. खाचांवरून अंगठा फिरवला, तशी मोबाइलवर भलतंच काही उघडलं. नातीनं परत फोटो लावून दिला.

"जाताना माझं नाव काढलं त्यानं?"

"नाही, चाचा." खोटं बोलायची माझी हौस केव्हाच फिटली होती.

त्यांनी मोबाइल नातीच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मी तुझ्याआधी जाणार, सूनबाई. त्याला सांगेन, धोटा आपोआपच पडला होता गटारात. तुझं नाव नाय घेणार. तुलाही वर आल्यावर त्याच्या पाया पडायचंय ना?"