काटेसावरीचे काटे

परवा माहेरी, रामाकोन्याला गेले होते, बाबांना नाही म्हणायला.

आठवा महिना चालू आहे. एका जागी बसवत नाही, उभं राहवत नाही... आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण आई जाऊन तीन वर्षं झाली आणि घरात बाबा एकटेच. सासूबाईंचं म्हणणं, बाईमाणूस नाही त्या घरात बाळंतीण कशी ठेवायची? मलाही ते पटलं होतं. पटूनही जीवाला चैन नव्हती.

आई म्हणायची, पोरगी राघू आणि बाप काटेसावर. मी दिवसभर बडबडणार, इकडून तिकडे उडणार. बाबा एका जागी गप्प, कोणी जवळ गेलं की टोचणार. आमच्या अंगणात खरीच काटेसावर आहे. बुंध्याला हात लावायची सोय नाही, पण गावातले राघू दरवर्षी तिच्याच ढोलीत अंडी घालतात. आईचा हिशेब मला कधी कळला नाही.

सौंसरहून बसमध्ये बसल्यापासून वाक्य पाठ करत होते. बाबांना वाईट वाटू नये, पण नाही म्हणजे नाही...

अंगणात शिरले तर बाबा पटाशी घेऊन सावरीसमोर उकिडवे बसलेले. झाड पाडतात की काय?

"बाबा, काय करून राहिले?"

"काटे काढून राहिलो. लेकरू हात लावन, टोचन त्याले."

कंबरेइतक्या उंचीपर्यंत बुंधा गुळगुळीत केला होता. मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, बाबा, लेकरू चालायला अजून वर्ष जाईल.

"मंग? काटे का एका दिवसात निघतेत?"

मालिशसाठी शेजारच्या काकूंना विचारून ठेवलं होतं. डिंक आणला होता. मला यातलं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे... मी म्हटलं, डिलिव्हरी सौंसरच्या दवाखान्यात, आणि तिथून बाळाला घेऊन थेट इकडेच येते. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

सासूबाईंना अजून सांगायचंय. आज सांगते. धाकधूक होतेय, खोटं कशाला बोलू...

पण आईबरोबर माझं माहेरही गेलं, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. बाबांना एकदा विचारायला हवं होतं.